आमचें नगर शहर : नांवांमागील इतिहास

ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचा इतिहास वाचकांपुढें ठेवावा, ही स्मरणिकेची रीतच आहे. परंतु ज्या शहराच्या सावलींत आपलीं खेडीं वाढलीं, ज्याच्या बाजारांत आपल्या वाडवडिलांनीं धान्य विकलें, ज्याच्या कचेऱ्यांत त्यांनीं अर्ज दिले, त्या नगर शहराविषयीं आपणांस खरोखर किती माहिती आहे? चांदबिबी, किल्ला आणि बाजार यांपलीकडे बहुतेकांची माहिती जात नाहीं. म्हणून या शहराच्या व त्याच्या वस्त्यांच्या कांहीं चमत्कारिक पण खऱ्या गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

केवळ करमणूक हा आमचा हेतु नाहीं. इ. स. २०२४ मध्यें शासनानें या शहरास व जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव दिलें. जामखेड तालुक्यांतील चोंडी येथें इ. स. १७२५ मध्यें जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचें हें नांव. नांव बदललें कीं लोक विचारूं लागतात : हें शहर मूळचें कोणाचें? येथें आधीं कोण आलें आणि मागाहून कोण आलें? आपण ख्रिस्ती लोक तर अगदीं अलीकडचे, असेंहि कधीं कधीं कानांवर येतें. अशा प्रश्नांस रागानें उत्तर देण्यापेक्षां इतिहासाचीं पानें उलटून पाहावीं, हें अधिक बरें.

रणभूमीवर वसलेलें शहर

नगर हें हळूहळू वाढत गेलेलें गांव नव्हे. तें लढाईच्या जागेवर मुद्दाम वसविलेलें शहर आहे. बहामनी राज्य मोडकळीस आलें तेव्हां जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद यानें स्वतंत्र होण्याचें धाडस केलें. त्याच्यावर आलेल्या बहामनी सैन्याचा त्यानें दिनांक २८ मे १४९० रोजीं भिंगार गांवाजवळ मोड केला. विजयाच्या जागीं त्यानें प्रथम एक बाग केली व वाडा बांधला; आणि इ. स. १४९४ मध्यें सीना नदीच्या डाव्या तीरावर आपल्या नांवाचें शहर वसविण्यास आरंभ केला. एका अंगास जुन्नर आणि दुसऱ्या अंगास दौलताबाद. दोहोंच्या मधोमध ही जागा असल्यामुळें दोन्हींकडे नजर ठेवणें त्यास सोपें होतें. म्हणजे ज्या भिंगारास आपण शहराचें उपनगर समजतों, तें भिंगार शहराहून जुनें आहे! मोठ्या भावानें धाकट्याच्या सावलींत राहावें, तसें तें पांचशें वर्षें राहिलें आहे.

हा मलिक अहमद तरी कोण? त्याचा बाप मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण होता. लहानपणीं तो बहामनी सुलतानाच्या सैन्याच्या हातीं सांपडला आणि मुसलमान होऊन पुढें राज्याचा मोठा वजीर झाला. त्याचें पूर्वीचें नांव तिमाप्पा असून त्याचें घराणें पाथरीच्या कुलकर्ण्यांचें होतें, असें फिरिश्ता लिहितो. निजामशाहीच्या पहिल्या राजांस या पाथरी गांवाची ओढ अखेरपर्यंत राहिली. तें मिळविण्यासाठीं त्यांनीं वऱ्हाडच्या इमादशहाशीं युद्ध केलें. दुसरा राजा बुऱ्हाण निजामशहा याचा मुख्य प्रधान कुंवरसेन हा ब्राह्मण होता आणि त्याच्या हुद्द्यास पेशवा हेंच नांव होतें. पुण्यास पेशवे होण्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें नगरास पेशवे होते, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे.

ज्याच्या ग्रंथांतून ही माहिती मिळते तो इतिहासकार फिरिश्ताहि परका होता. इराणांतील अस्तराबाद येथें जन्मून बालपणींच तो बापाबरोबर नगरास आला, येथेंच लहानाचा मोठा झाला, आणि इ. स. १५८९ मध्यें येथील दंगलींस कंटाळून विजापुरास निघून गेला. राजधानींतील तरुण आपल्या तंट्यांचा निकाल राजासमोर तलवारीच्या द्वंद्वानें लावीत, अहमद निजामशहास या खेळाची फार आवड होती व त्याच्यामुळें ही चाल दक्षिणेंत पसरली, असें तो लिहितो. या शहराची वाढ इतकी झपाट्यानें झाली कीं लोक त्याची बरोबरी कैरो आणि बगदाद यांच्याशीं करूं लागले, हेंहि त्याचेंच सांगणें. राजधानीचें वर्णन करतांना थोडी अतिशयोक्ति होतेच. परंतु दूरदूरचे लोक येथें येत होते, हें खोटें नाहीं.

वास्तूंचीं नांवें आणि त्यांची भूल

शहराच्या पूर्वेस सुमारें सहा मैलांवर डोंगराच्या माथ्यावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. एस. टी. तून येणारा प्रवासीहि बोट दाखवून सांगतो, 'तो पाहा चांदबिबीचा महाल.' परंतु तो चांदबिबीचा नव्हे आणि महालहि नव्हे. तें थडगें आहे. मूर्तझा निजामशहाचा प्रधान सलाबतखान याचें. हा सलाबतखान मोठा कर्तबगार मनुष्य होता. भातोडीचें तळें हें त्याचेंच काम. तेव्हां ज्यानें पाण्याची सोय केली त्याचें नांव लोक विसरले, आणि जिनें किल्ला लढविला तिचें नांव त्याच्या थडग्यास चिकटलें. चांदबिबीनें इ. स. १५९५-९६ मध्यें मोगलांच्या वेढ्यांत ज्या तटावर उभें राहून शौर्य गाजविलें आणि इ. स. १६०० मध्यें जेथें स्वकीयांच्याच हातून तिचा अंत झाला, तो किल्ला शहरालगतच उभा आहे. परंतु लोकांच्या मनानें तिला डोंगरावर नेऊन बसविलें आहे.

चांदबिबीच्या आईची गोष्ट याहून विलक्षण आहे. खुंझा हुमायून ही हुसेन निजामशहाची राणी. तालिकोटची लढाई इ. स. १५६५ मध्यें झाली. त्या विजयाच्या सुमारास हुसेनशहाच्या स्तुतीपर एक सचित्र फारसी काव्य येथें तयार झालें. दक्षिणेंतील उपलब्ध चित्रकलेचा हा अगदीं आरंभीचा नमुना समजला जातो. त्यांतील चित्रांत राजाजवळ राणी बसलेली होती. पुढें हुसेनशहा वारला, राणीनें कांहीं वर्षें मुलाच्या नांवें राज्य चालविलें, आणि मग मुलानेंच तिला कैदेंत टाकलें. त्यानंतर कोणीतरी त्या चित्रांतील राणीच्या आकृतीवर रंग फांसून ती पुसून टाकिली. हें हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. आणि राजाशेजारच्या त्या पुसट डागांत राणीची छाया अजून ओळखूं येते. मुलीस दुसऱ्याची इमारत मिळाली, आईस स्वतःचें चित्रहि उरलें नाहीं! इतिहास कोणास काय देतो व कोणापासून काय काढून घेतो, याचा नेम नाहीं.

आतां वस्त्यांकडे वळूं. सावेडीकडील भिस्तबाग हें नांव ऐकून पुष्कळांस पाणी वाहणारा भिस्ती आठवतो. मूळ शब्द बिहिश्त, म्हणजे स्वर्ग. 'हश्त बिहिश्त', म्हणजे आठ स्वर्ग, असें त्या बागेचें राजेशाही नांव होतें. दुसऱ्या बाजूस फराहबाग आहे. तेथें तळ्याच्या मधोमध महाल बांधला होता. एकदां पुरा झालेला महाल राजास पसंत पडला नाहीं म्हणून तो पाडून पुन्हां बांधविला आणि इ. स. १५८३ मध्यें सलाबतखानानें तो तडीस नेला, असें सांगतात. तोफखाना या वस्तीचें नांव तर स्वतःच बोलतें. कोटला ही जागा बुऱ्हाण निजामशहानें इ. स. १५३७ मध्यें शिया पंथ स्वीकारला त्या सुमारास विद्यापीठासाठीं नेमून दिली. तेथें शहा ताहिर नांवाचा इराणी पंडित शिकवीत असे. खापरी नळांतून, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळांतून, कापुरवाडीसारख्या लांबच्या ठिकाणचें पाणी शहराच्या हौदांत व वाड्यांत खेळविलेलें होतें. आज नळास पाणी आलें नाहीं म्हणून आपण कुरकुरतों, तेव्हां या जमिनीखालच्या जुन्या खापरांची आठवण ठेवावी.

शहा शरीफ यांच्या दर्ग्याविषयींची परंपरा तर महाराष्ट्राच्या इतिहासास भिडते. मालोजी भोसले यांस संतति नव्हती. त्यांनीं या पिरास नवस केला आणि पुढें झालेल्या दोन पुत्रांस त्याच्याच नांवावरून शहाजी व शरीफजी हीं नांवें दिलीं. शहाजी म्हणजे शिवछत्रपतींचे पिते. शरीफजी इ. स. १६२४ मध्यें भातोडीच्या लढाईंत पडले. त्या लढाईंत निजामशाहीचा सेनापति होता मलिक अंबर. तो आफ्रिकेंतील हबसाण देशांत जन्मला व गुलाम म्हणून विकला जात जात दक्षिणेंत आला होता. नगरच्या एका दर्ग्याचें नांव मराठ्यांच्या राजघराण्यांत, आणि हबशी गुलामाच्या हाताखालीं मराठे सरदार. अशी ही गुंफण आहे.

मोठ्यांचीं नांवें व लहानांची दमडी

विजापुरास गेलेले वाचक तेथील 'मलिक-इ-मैदान' तोफेस पाहून थक्क झाले असतील. सुमारें पंचावन्न टन वजनाची ही तोफ विजापुरची नव्हे, ती इ. स. १५४९ मध्यें नगरास ओतली गेली. ओतणाऱ्याचें नांव तोफेवरच कोरलेलें आहे : महंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. पुढें ती परांड्यास व तेथून इ. स. १६३२ मध्यें विजापुरास गेली.

तोफ ओतणाऱ्याचें नांव राहिलें. इतकेंच नव्हे, तालिकोटच्या लढाईंत विजयनगरच्या रामराजास पकडणाऱ्या हत्तीचें नांवहि राहिलें आहे. त्याचें नांव गुलाम अली. आणि अहमद निजामशहाच्या कबरीजवळ, बागरोजांत, त्या हत्तीचें म्हणून एक थडगें दाखवितात. परंतु ज्या गवंड्यांनीं किल्ल्याचा प्रचंड वाटोळा तट हुसेनशहाच्या वेळीं दगडांत उभा केला, ज्यांनीं खंदक खणला, ज्यांनीं दगड वाहिले, त्यांपैकीं एकाचेंहि नांव कोठें सांपडत नाहीं. त्यांची एकच खूण उरली आहे. इ. स. १५६७ च्या सुमारास बांधलेली नक्षीदार दमडी मशीद पाहा. किल्ल्याच्या कामावरील मजुरांनीं आपल्या मजुरींतून एकेक दमडी दिली व त्यांतून ती उभी राहिली, अशी आख्यायिका आहे. दमडी उरली, देणारा गेला. ही गोष्ट वाचकांनीं मनांत ठेवावी. तिचें आपल्या ज्युबिलीशीं जवळचें नातें आहे.

नगरांतील जुने ख्रिस्ती पाहुणे

ख्रिस्ती लोक या शहरांत इंग्रजांबरोबर आले, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. निजामशाहीचें मुख्य बंदर चौल. आणि चौलास पोर्तुगीजांचें ठाणें होतें. त्या वाटेनें सोळाव्या शतकांतच ख्रिस्ती माणसें नगरच्या दरबारीं येऊं जाऊं लागलीं. त्यांतील दोघांचीं नांवें सांगण्यासारखीं आहेत.

पहिला गार्सिया द ऑर्टा. हा पोर्तुगीज वैद्य इ. स. १५३४ मध्यें गोव्यास आला व बुऱ्हाण निजामशहाची चिकित्सा करण्यासाठीं नगरास जात असे. राजा आणि वैद्य यांची चांगली मैत्री जमली. वैद्यानें राजास रोगांचीं व औषधांचीं लॅटिन नांवें शिकवावीं आणि स्वतः अरबी नांवें वापरावीं, असा त्यांचा विद्याविनोद चाले. हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवर ऑर्टानें संवादरूपानें ग्रंथ लिहिला व तो इ. स. १५६३ मध्यें गोव्यास छापून निघाला. आंबा, नारळ, विडा, अफू, मिरीं यांची माहिती त्यांत आहे, महामारीचें वर्णन आहे आणि नगरच्या राजाचा उल्लेख पुनःपुन्हां येतो. पोर्तुगालचा महाकवि कामोंइश याची छापली गेलेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभीं आहे, ही आणखी एक मौज.

या थोर पुरुषाची कथा येथें संपती तर बरें होतें. ऑर्टाचें घराणें मूळचें यहुदी असून सक्तीनें ख्रिस्ती झालेलें होतें. तो इ. स. १५६८ मध्यें वारला. पुढच्याच वर्षीं त्याच्या बहिणीस गोव्याच्या इन्क्विझिशननें जाळिलें, आणि इ. स. १५८० मध्यें त्याचीं स्वतःचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. नगरच्या शिया राजानें ज्याचा सत्कार केला त्याला स्वधर्मीयांच्या राज्यांत मेल्यावरहि विसांवा मिळाला नाहीं. हें लिहितांना आम्हांस क्लेश होतात. परंतु आपल्या घरचें दुःखद पान फाडून टाकलें तर राणीच्या चित्रावर रंग फांसणाऱ्यांत आणि आपणांत भेद तो काय राहिला?

दुसरा पाहुणा गोलंदाज होता. त्याचें नांव सांचो पिरिस. तो पोर्तुगीजांची चाकरी सोडून निजामशहाकडे गेला व फिरंगखान हा किताब मिळवून मोठ्या पदास चढला. वरवर त्यानें धर्म पालटला, तरी अंतःकरणांत तो ख्रिस्ती राहिला व ख्रिस्ती लोकांस साहाय्य करीत असे, असें ऑर्टाच्या सांगण्यावरून दिसतें. वैद्य परत गेला, गोलंदाज रणांत पडला. त्यांच्यामागें येथें मंडळी उरली नाहीं. राजाच्या आश्रयानें आलेलें पाऊल राजाबरोबरच पुसलें गेलें.

कैद्यांचें व वाटसरूंचें शहर

पुढील कालांत नगरनें मोठमोठ्यांस थांबविलें आहे. औरंगजेब बादशहा मराठ्यांशीं पंचवीस वर्षें झुंजून थकला आणि इ. स. १७०७ मध्यें भिंगारच्या छावणींतच वारला. त्याचा देह खुलदाबादेस नेला. भिंगारास आलमगीर म्हणून ओळखली जाणारी जागा राहिली. इ. स. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यांत सर आर्थर वेलस्ली यानें ता. ८ रोजीं शहराचा कोट चढून घेतला व ता. १२ रोजीं किल्ला घेतला. ज्या चिंचेच्या झाडाखालीं त्यानें फराळ केला तें झाड पुढें पुष्कळ वर्षें दाखवीत असत. हाच वेलस्ली बारा वर्षांनीं वॉटर्लू येथें नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन होय. पेशवाई बुडाल्यावर नगरचा कलेक्टर झालेला हेन्री पॉटिंजर पुढें चीनला गेला, त्यानें इ. स. १८४२ चा नानकिंगचा तह केला व तो हाँगकाँगचा पहिला गव्हर्नर झाला. नगरच्या कचेरींतून हाँगकाँगच्या गादीवर!

इंग्रजांनीं या शहराचा एक विशेष उपयोग केला. ज्यांस दूर ठेवावयाचें त्यांस नगरास ठेवावें. दक्षिण आफ्रिकेंतील युद्धांत पकडलेले बोअर कैदी विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें होते. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांतील जर्मन नागरिकांस येथील छावणींत अडकविलें. त्यांत धर्मप्रचारकहि होते. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक हाइन्रिक हारर यास प्रथम येथेंच आणलें होतें. नंतर तो डेहराडूनच्या छावणींतून निसटून तिबेटांत गेला व दलाई लामांचा स्नेही झाला. आणि इ. स. १९४२ च्या ऑगस्टमध्यें किल्ल्यांत आले ते आपले राष्ट्रीय पुढारी : जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव प्रभृति बारा जण. नेहरूंनीं 'भारताचा शोध' हा ग्रंथ येथें इ. स. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पांच महिन्यांत लिहिला. आझादांची पत्नी इ. स. १९४३ मध्यें कलकत्त्यास वारली. त्यांना तिचें अंत्यदर्शन घडलें नाहीं. 'गुबार-ए-खातिर' या त्यांच्या उर्दू पत्रसंग्रहांतील पत्रें त्याच तटाआड लिहिलेलीं आहेत. चांदबिबीच्या किल्ल्यानें शत्रूस बाहेर ठेवण्यापेक्षां स्वातंत्र्याच्या उपासकांस आंत ठेवण्याचेंच काम अखेरीस अधिक केलें.

याच शहरांत दिनांक १६ एप्रिल १९१८ रोजीं तोफखान्यांतील एका आयरिश सैनिकाच्या कॅथोलिक घरीं एक मुलगा जन्मला. तो पुण्यास जीझस अँड मेरी कॉन्व्हेंटांत शिकला, आणि स्पाइक मिलिगन या नांवानें इंग्लंडचा फार मोठा विनोदी लेखक व नट झाला. त्याचा जन्म हिंदुस्थानांत आणि बाप आयरिश. म्हणून आयुष्यभर इंग्लंडची सेवा करूनहि पासपोर्टासाठीं त्यास अडचण आली, व शेवटीं इ. स. १९६२ मध्यें त्यानें आयर्लंडचें नागरिकत्व घेतलें. ज्यानें सर्वांस हसविलें त्यालाहि 'तूं मूळचा कोठला?' हा प्रश्न सुटला नाहीं.

शाळा, दुष्काळ आणि मिशन

राजांच्या व सेनापतींच्या वाटेनें नव्हे, तर शाळेच्या वाटेनें ख्रिस्ती धर्म येथें रुजला. अमेरिकन मराठी मिशनचें काम नगरास इ. स. १८३१ मध्यें सुरू झालें. 'ज्ञानोदय' हें पत्र इ. स. १८४२ मध्यें नगराहूनच निघालें. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाईंनीं येथें मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून जोतीराव फुले यांस पुण्यास मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, आणि सावित्रीबाईंनींहि फरारबाईंच्या येथें अध्यापनाचें शिक्षण घेतलें, असें चरित्रकार सांगतात. फरारबाई इ. स. १८६२ मध्यें नगरासच वारल्या. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंचें हें ऋण मान्य करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

कॅथोलिक मिशनचा आरंभ मात्र दुष्काळाच्या छायेंत झाला. इ. स. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या हातांनीं धोंड-मनमाड रेल्वेचा रस्ता तयार झाला व इ. स. १८७८ मध्यें त्यावरून गाडी धावूं लागली. आज आपण ज्या गाडीनें नगराहून मनमाडास जातों, तिच्या रुळांखालीं भुकेल्यांचा घाम आहे. त्याच सुमारास जर्मन येशूसंघीय धर्मगुरु या जिल्ह्यांत आले. केंदळ, वळण, राहाता, संगमनेर हीं नांवें आपल्या मिशनच्या इतिहासांत तेव्हांपासून येऊं लागलीं. इ. स. १८८६ मध्यें पुण्याचा धर्मप्रांत स्थापन झाला व हीं सर्व ठाणीं त्यांत आलीं.

मग पहिलें महायुद्ध पेटलें. जर्मन धर्मगुरूंस सरकारनें शत्रूचे प्रजाजन म्हणून दूर केलें. पुण्याचे बिशप हेन्रिक डोअरिंग यांस आपल्या धर्मप्रांतांत राहतां आलें नाहीं. इ. स. १९२१ मध्यें त्यांची नेमणूक जपानांत झाली, आणि तीहि कोठें, तर हिरोशिमास! तेथून इ. स. १९२७ मध्यें ते पुण्यास परत आले व इ. स. १९४८ पर्यंत त्यांनीं धर्मप्रांत सांभाळिला. आपल्या आजोबांच्या मस्तकावर ज्या हातानें दृढीकरणाचें तेल लाविलें, तो हात हिरोशिमाच्या ख्रिस्ती लोकांसहि आशीर्वाद देऊन आला होता, हें आपल्यापैकीं किती जणांस माहीत आहे? पुढें दिनांक १५ मे १९८७ रोजीं नाशिकचा धर्मप्रांत वेगळा झाला व आपला जिल्हा त्यांत गेला.

आपल्या वह्या

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. हें शहर कोणाचें? पाथरीच्या कुलकर्ण्याच्या कुळांतला राजा, इराणी पंडित, हबशी सेनापति, तुर्की ओतारी, पोर्तुगीज वैद्य, अमेरिकन शिक्षिका, जर्मन धर्मगुरु. आणि या सर्वांआधीं येथें असलेले भिंगारचे शेतकरी. बाहेरून आलेल्यांस वगळलें तर नगर उरत नाहीं. आणि येथल्या कष्टकऱ्यांस वगळलें तर तें उभेंच राहिलें नसतें. मात्र या दोघांत एक फरक आहे. आलेल्यांचीं नांवें राहिलीं, कष्ट करणाऱ्यांचीं गेलीं.

आपली ख्रिस्तसभा या बाबतींत एक वेगळी वस्तु घेऊन आली. ती मोठें मंदिर नव्हे, शाळाहि नव्हे. ती म्हणजे धर्मगुरूंच्या कपाटांतील बाप्तिस्म्याची वही. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें इ. स. १५६३ मध्यें, म्हणजे ऑर्टाचा ग्रंथ गोव्यास छापला गेला त्याच वर्षीं, प्रत्येक धर्मग्रामांत विवाहांची वही ठेवावी व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्यांचीं नांवें नोंदावीं, असा नियम केला. त्या नियमाचें फळ तीनशें वर्षांनंतर आपल्या खेड्यांत पोहोंचलें. ज्या माणसास गांवांत कोणी नांवानें हांक मारीत नसे, फक्त जातीनें ओळखीत असे, त्याचें नांव, त्याच्या बापाचें नांव, आणि त्याच्या आईचेंहि नांव, तारखेसह कागदावर उतरलें. खंदक खणणाऱ्यास जें मिळालें नाहीं, तें आपल्या पणजोबांस मिळालें.

परंतु वहींत नांव आहे, गोष्ट नाहीं. ज्या धर्मशिक्षकानें पायीं हिंडून संध्याकाळची प्रार्थना शिकविली, त्याचा मुक्काम कोणत्या घरीं असे? ख्रिस्ती झाल्यावर विहिरीवर कोणी पाणी घेऊं दिलें आणि कोणी अडविलें? पहिल्या देवळाचे दगड कोठून आले, ते कोणी वाहिले? हें सांगणारीं माणसें आज ऐंशी-नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांच्यामागें कोणाचें थडगें कोणाच्या नांवावर जाईल याचा भरंवसा नाहीं. सलाबतखानासारख्या प्रधानाची ही गत झाली, तेथें आपला पाड तो काय?

म्हणून या ज्युबिलीच्या निमित्तें आमची वाचकांस एकच विनंति आहे. प्रत्येक घरानें एक साधी वही घ्यावी. घरांतील सर्वांत वृद्ध मनुष्यापाशीं बसून त्याच्या आठवणी, त्याच्याच शब्दांत, वर्ष व गांव यांसह लिहून घ्याव्या. चांगलें तें लिहावें आणि बोंचणारें तेंहि लिहावें. त्या वहीची एक नक्कल धर्मग्रामाच्या कपाटांत, बाप्तिस्म्याच्या वहीशेजारीं ठेवावी. दमडी मशिदीच्या मजुरांनीं एकेक दमडी दिली, तसें हें प्रत्येकाचें एकेक पान. पुढच्या ज्युबिलीच्या वेळीं जे कोणी अशी स्मरणिका काढतील, त्यांस मात्र देणाऱ्यांचीं नांवेंहि सांपडतील. आणि प्रभूच्या कृपेनें त्यांत आपलें नांव, खऱ्या जागीं, खऱ्या गोष्टीसह असेल.